झिजलेल्या घड्याळाची बखर

घड्याळ हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो, परंतु त्याच्या पोटात पाणी आहे याची आठवण क्वचितच कोणाला होते. घटी म्हणजे लहानसे भांडे. तांब्याच्या वाटीच्या बुडाला बारीक भोक पाडायचे, ती पाण्याने भरलेल्या मोठ्या पात्रात तरंगत सोडायची आणि भोकातून पाणी चढत चढत ती बुडाली की एक घटका झाली असे समजायचे. अशा ६० घटकांचा एक अहोरात्र. म्हणजे एक घटका आजच्या २४ मिनिटांची. लग्नघरी मुहूर्त गाठण्यासाठी जोशीबुवा या घटिकापात्रावर डोळे लावून बसत. एखाद्याचा अंतकाळ आला म्हणजे ‘त्याची घटका भरली’ असे आपण अजून म्हणतो, तेही याच बुडणाऱ्या वाटीवरून. साधन नाहीसे झाले. भाषेवर त्याचा वळ मात्र राहिला.

वस्तू जाते आणि वळ राहतो, हा इतिहासाचा नेहमीचाच अनुभव आहे. पण काही वस्तू अशा असतात की त्यांचे वळ त्यांच्याच अंगावर उमटलेले असतात. मनगटावरचे जुने घड्याळ ही अशा वस्तूंपैकी एक. आज वेळ पाहण्यासाठी घड्याळाची गरज उरलेली नाही. खिशातला फोन सेकंदाचाही फरक न करता वेळ सांगतो. तरीही पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी, किंवा मुंबईच्या चोर बाजारात, पथारीवर मांडलेली चरे पडलेली घड्याळे हातात घेऊन कानाशी धरणारी तरुण मंडळी दिसतात. नवे, चकचकीत, हमीपत्रासह मिळणारे घड्याळ सोडून ही माणसे दुसऱ्या कोणाच्या तरी घामाने काळवंडलेले घड्याळ पैसे देऊन का घेतात, असा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांना पडतो; आणि तो रास्तच आहे. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करीत, त्या काळी पुष्कळांना ते वेड वाटे. कसर लागलेले, पाण्याने डागाळलेले, कडा झडलेले ते मोडीचे कागद. त्यांतूनच ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे खंडांची संख्या २२ वर गेली. आता कल्पना करा, की एखाद्या सद्गृहस्थाने आपल्या घरचे जुने पत्र ‘फार फिकट झाले आहे बुवा’ म्हणून ताज्या काळ्या शाईने गिरवून, वर पिवळा रंग देऊन संशोधकाच्या हाती ठेवले असते, तर? पत्र वाचायला सोपे झाले असते, परंतु पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य झाली असती. कागद, शाई आणि अक्षराचे वळण या तिन्हींची साक्ष एकमेकांशी जुळते तेव्हाच अस्सल कागद अस्सल ठरतो. जुन्या घड्याळाचेही नेमके हेच आहे. त्याच्यावरची झीज हे त्याचे अक्षर आहे. ते वाचायचे कसे हे समजण्यासाठी मनगटी घड्याळाची थोडी वंशावळ पाहिली पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात मनगटावर घड्याळ बांधणे हा बायकांचा अलंकार मानला जाई. पुरुषाचे घड्याळ साखळीला लटकून खिशात राही. १९०४ साली पॅरिसमध्ये राहणाऱ्या सांतोस-द्युमाँ या ब्राझिलियन वैमानिकाने आपला मित्र लुई कार्त्ये याच्याकडे तक्रार केली, की विमान हाकताना दोन्ही हात गुंतलेले असतात, खिशातून घड्याळ काढायचे कसे? कार्त्येने त्याच्यासाठी चौकोनी तोंडाचे, कातडी पट्ट्याचे घड्याळ बनवले. पण एका हौशी वैमानिकाने जगाची चाल बदलत नाही. ती बदलली पहिल्या महायुद्धाने. खंदकातल्या सैनिकाला ठरलेल्या मिनिटाला उठून धावायचे असे आणि तेव्हा एका हातात बंदूक असे. खिशातल्याच घड्याळाला तारेचे कान डाखून त्यातून पट्टा ओवला गेला. काच फुटू नये म्हणून वर जाळीचे झाकण आले. चार वर्षांत मनगटी घड्याळ बायकी राहिले नाही. उलट, युद्धावरून परतलेल्या माणसाची ती खूण झाली.

या युद्धात हिंदी शिपाईही होते हे विसरून चालणार नाही. मुंबई-कलकत्त्यात स्विस घड्याळांचा व्यापार त्याआधीच रुजला होता. फाव्र-ल्युबा या स्विस घराण्यातला फ्रिट्झ फाव्र १८६५ साली मुंबईला येऊन गेला होता. पुढे ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’चे नाव या देशात घरोघर झाले. तिच्या एका प्रसिद्ध घड्याळाचे नाव इंग्रजी अक्षरांत ‘सोवार’ असे लिहीत. तो म्हणजे आपला घोडेस्वारच! हिंदी फौजेत ही घड्याळे विशेष प्रिय होती. अशा घड्याळांची मागची झाकणे उलटून पाहावीत. कुठे रेल्वेच्या खात्याची आद्याक्षरे कोरलेली असतात, कुठे ब्रिटिश सरकारच्या मालमत्तेची खूण असलेला बाणाचा ठसा असतो. घड्याळ साहेबाच्या दुकानातून निघाले, पण ते कोणाच्या मनगटावर राबले याची नोंद त्या झाकणावर राहिली.

खंदकातल्या अंधारात वेळ दिसावी म्हणून तबकडीवरच्या आकड्यांना रेडियमचा रंग लावू लागले. क्यूरी दांपत्याने १८९८ साली रेडियमचा शोध लावला होता. वीस वर्षांच्या आत ते सैनिकांच्या मनगटावर आले. अमेरिकेत न्यू जर्सीतील ऑरेंज या गावी १९१७ साली सुरू झालेल्या कारखान्यात तरुण मुली हे आकडे रंगवीत. कुंचल्याचे टोक बारीक राहावे म्हणून तो ओठांत धरून टोकदार करायचा, असे त्यांना शिकवले होते. दर वेळी थोडे रेडियम पोटात जाई. काही वर्षांत त्यांचे दात गळू लागले, जबड्याची हाडे कुजली, कित्येकजणी मेल्या. त्यांपैकी पाचजणींनी कंपनीवर खटला भरला आणि १९२८ साली तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली. धोक्याच्या कामात मजुराच्या जिवाची जबाबदारी मालकावर येते, हे तत्त्व रुजवण्यात या मुलींचा मोठा वाटा आहे.

आपल्याकडे अंधारात चकाकणाऱ्या कोणत्याही वस्तूला लोक ‘रेडियम’ म्हणतात. गाड्यांवर नावे चिकटवून देणाऱ्याच्या टपरीवरही ‘येथे रेडियमचे काम केले जाईल’ अशी पाटी असते. त्या चिकटपट्टीत रेडियमचा कणही नसतो. शब्द मात्र त्या जुन्या तबकड्यांच्या काळापासून आपल्या तोंडात बसला आहे. जुने घड्याळ घेणाऱ्याने येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. अशा तबकडीवरचे आकडे आता अंधारात चमकत नाहीत, कारण चमकणारे रसायन केव्हाच थकून गेलेले असते. परंतु रेडियम थकलेले नसते. ते निम्मे व्हायलाच सुमारे १६०० वर्षे लागतात. काच बंद असताना असे घड्याळ हातावर घालण्यातला धोका थोडा आहे. खरा धोका आहे तो घरच्या घरी काच काढून तो पिवळट रंग खरवडण्यात. १९६० नंतरच्या घड्याळांत रेडियमच्या जागी ट्रिटियम आले, त्याची धग बारा-साडेबारा वर्षांत निम्मी होते. म्हणून त्यांचे आकडेही आज विझलेलेच दिसतात. विझलेल्या आकड्यांचा तो साईसारखा पिवळेपणा म्हणजे घड्याळाच्या वयाचा दाखला होय.

मुंबईच्या जुन्या घड्याळांना आणखी एक मजेदार पूर्वायुष्य आहे. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ ठरली, पण मुंबईला ती मानवली नाही. मुंबईची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि शहरात ती १९५५ पर्यंत चालू राहिली. आगगाडीची वेळ एक आणि शहराची दुसरी. प्रमाणवेळेने दहाला निघणारी गाडी गाठायची, तर मुंबईच्या वेळेवर लावलेल्या घड्याळात नऊ वाजून एकवीस मिनिटे झाली की गाडी हललीच म्हणून समजावे. १९५० च्या आधी मुंबईत विकले गेलेले एखादे घड्याळ आज तुमच्या हाती आले, तर त्याच्या काट्यांनी दोन वेळा पाळलेल्या असण्याचा संभव आहे, एवढे मनात असू द्यावे.

स्वातंत्र्यानंतर घड्याळ मध्यमवर्गाच्या घरात शिरले ते समारंभाच्या वाटेने. ते कोणी उगाच विकत घेत नसे. ते मिळत असे. मुलगा मॅट्रिक झाला की आजोबा देत. नोकरीतून निवृत्त होताना सहकारी वर्गणी काढून देत. म्हणजे वेळेवर जाण्याची गरज संपली त्याच दिवशी! आणि सर्वांत ठळक म्हणजे जावयाला मिळे. पहिल्या दिवाळसणाला चौरंगावर बसलेल्या जावईबापूंचे लक्ष सुगंधी उटण्यापेक्षा सासऱ्यांच्या हातातल्या लहानशा डबीकडे अधिक असे. अंगठी, सायकल आणि घड्याळ या तिघांपैकी एकावरून कित्येक घरांत रुसवे झाले, कित्येक सासऱ्यांनी त्यासाठी कर्ज काढले. त्या काळच्या घड्याळाकडे पाहताना ही कडू आठवणही सोडून चालणार नाही. परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध होते. स्विस घड्याळे बरीचशी चोरट्या वाटेने येत आणि कुजबुजत्या आवाजात विकली जात.

ही कोंडी फुटली १९६१ साली. १९५३ मध्ये बंगलोरला यंत्रे बनवण्यासाठी स्थापन झालेल्या हिंदुस्तान मशीन टूल्स या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने मनगटी घड्याळे काढली. पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. पुढे ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कोहिनूर’, ‘कांचन’ अशी नावे घराघरांत ओळखीची झाली. सतरा ज्युवेलचे, चावीचे, साधे, टिकाऊ यंत्र. शाळामास्तर, गिरणीतला जॉबर, एस. टी. चा कंडक्टर, तलाठी यांच्या मनगटांवर ते दिसू लागले. पसंतीचे मॉडेल मिळण्यासाठी लोक वाट पाहत. घड्याळ वापरणारा देश घड्याळ बनवणारा झाला, याचे त्या पिढीला मोठे अप्रूप होते.

अशा घड्याळावर वीस-तीस वर्षांत काय काय उमटते ते आता पाहू. सकाळी उठून चावी द्यायची हा घराघरातला नित्यनेम. पंचवीसएक वळशांत आतली कमान घट्ट गुंडाळली जाते आणि साधारण दीड दिवस हळूहळू उलगडत राहते. तिची ओढ दात्यांच्या चाकांतून एका झुलत्या चाकापर्यंत पोहोचते. हे चाक केसासारख्या बारीक स्प्रिंगेच्या बळावर पुढे-मागे हेलकावत असते. आपण टिकटिक म्हणतो ती त्याच्या हेलकाव्यांची. जुन्या घड्याळांत बहुधा सेकंदाला पाच टिका पडतात. म्हणजे तासाला १८,०००, दिवसाला ४ लाख ३२ हजार, आणि वर्षाला १५ कोटी ७६ लाखांहून अधिक. ज्या आसांवर ही चाके फिरतात ते झिजू नयेत म्हणून त्यांच्या टोकांखाली कृत्रिम माणके बसवतात. तेच ते ‘ज्युवेल’. दिवसाला ८६,४०० सेकंद. त्यांत अर्ध्या मिनिटाची चूक झाली तर ती दहा हजारांत साडेतीनाची चूक. इतका काटेकोर हिशेब ठेवणारा दुसरा नोकर कोणत्या घरात होता?

आत माणकांनी झीज आवरली, तरी बाहेर ती व्हायचीच. स्वस्त घड्याळांची केस पितळेची, वर क्रोमियमचा मुलामा. रोज अंगठा आणि तर्जनी जिथे टेकतात तिथला मुलामा आधी जातो आणि खालचे पिवळे पितळ डोकावू लागते. चावीच्या कडेचे दाते गुळगुळीत होतात. घामाने मागच्या झाकणाच्या कडेला बारीक खड्डे पडतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत तबकडीच्या वार्निशावर तांबूस ठिपके उमटतात, काळ्या तबकड्या उन्हाने पिंगट होतात. काच म्हणजे खरे तर प्लॅस्टिकच. तिच्यावर टेबलाच्या कडांचे, बसच्या दांड्यांचे, विहिरीच्या रहाटाचे ओरखडे. यांतली एकही खूण कोणी मुद्दाम केलेली नाही. म्हणूनच ती खरी. माणूस रोजनिशीत खोटे लिहू शकतो. पितळ उघडे पाडताना अंगठा खोटे बोलत नाही.

सगळ्यांत मोलाचा मजकूर मात्र मालकालाही दिसत नसतो. तो मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतो. घड्याळजी घड्याळ उघडून साफ करतो, तेल घालतो आणि झाकण लावण्यापूर्वी आत सुईने बारीकशी खूण करून ठेवतो. कधी तारीख, कधी आद्याक्षर, कधी त्याच्या वहीतला क्रमांक. हेच घड्याळ पुन्हा आले तर आपले काम आपल्याला ओळखता यावे, एवढाच त्याचा हेतू. भिंग लावून पाहिले तर एकाच झाकणात चार-पाच हातांची अक्षरे दिसतात. एका घड्याळजीची दुसऱ्याशी कधी भेट झाली नसेल, पण या दोन इंचांच्या पाटीवर ते एकमेकांना निरोप ठेवत आले आहेत. त्या खुणांवरून घड्याळाची किती वेळा निगा राखली गेली ते कळते आणि ती अचानक थांबल्या असतील तर घरात काहीतरी घडले असावे, अशी शंकाही मनाला चाटून जाते.

या सगळ्या कारागिरीवर १९६९ च्या नाताळात आघात झाला. त्या वर्षी २५ डिसेंबरला जपानच्या सेको कंपनीने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले. गारगोटीचा स्फटिक विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने थरथरतो, त्या थरथरीवर वेळ मोजायची. चावी नको, तेल नको, चूक जवळजवळ नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९७० च्या सुमारास ९० हजारांच्या घरात असलेले घड्याळ-कामगार पुढच्या पंधरा-सतरा वर्षांत एकतृतीयांशावर आले. आपल्याकडे १९८४ साली टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या महामंडळाने मिळून टायटन कंपनी काढली आणि तिच्या क्वार्ट्झ घड्याळांनी बाजार जिंकला. सरकारी कारखाना मागे पडत गेला. अखेर जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एच. एम. टी. ची घड्याळकंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. घड्याळजींच्या मुलांनी दुसरे धंदे धरले. बंद पडलेली घड्याळे किलोच्या भावाने भंगारात गेली.

आणि येथे आपल्या कथेला एक विचित्र वळण लागते, ज्यात आपल्या मुंबईचे नाव गुंतले आहे. या भंगारातून काही कारागिरांनी नवी उपजीविका शोधली. एका घड्याळाचे मशीन, दुसऱ्याची केस, तिसऱ्याचे काटे. तबकडी जुनी असेल तर तिचा रंग धुऊन काढायचा, वर निळा, लाल, हिरवा भडक रंग द्यायचा आणि एखाद्या नामांकित कंपनीचे नाव छापायचे. अशी घड्याळे देशोदेशी थोड्या पैशांत विकली जातात. जगभरच्या शौकिनांनी त्यांना नाव दिले आहे ‘मुंबई स्पेशल’. ज्या शहराच्या घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावून पिढ्यान् पिढ्या कोणाचे तरी घड्याळ जिवंत ठेवले, त्याच शहराचे नाव बनावट चेहऱ्याला पडावे, ही गोष्ट मनाला लागते.

त्या कारागिरांना नुसता दोष देऊन मात्र भागणार नाही. मेलेले यंत्र पुन्हा चालते करणे हे सोपे काम नव्हे. आणि गिऱ्हाईक कोण? आपणच. वापरलेली वस्तू नव्यासारखी दिसली पाहिजे हा आपला जुना संस्कार आहे. दिवाळी आली की घराला रंग दिला जातो, भांड्यांना कल्हई होते, समया चिंचेने घासल्या जातात. ते योग्यच आहे. कल्हई गेलेल्या पातेल्यात आमटी कळकते. परंतु कल्हई भांड्याच्या पोटाला असते, आणि तबकडी हा घड्याळाचा चेहरा आहे. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिवाळीला कोणी रंगवून काढत नाही. शिवाय जुनी रेडियमची तबकडी खरवडून रंगवणारा माणूस कोणत्या धुळीत श्वास घेतो, याचा विचार केला म्हणजे न्यू जर्सीच्या त्या मुली डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आपल्या चकाकीच्या हौसेची किंमत दुसरा कोणी चुकवत असतो.

तेव्हा ज्यांना जुने घड्याळ घ्यावयाचे आहे, त्यांनी संशोधकाची दृष्टी ठेवावी. केस, तबकडी आणि मशीन हे तीन साक्षीदार. तिघांची जबानी जुळते का ते पाहावे. केसच्या कडा झिजून गोल झाल्या आहेत आणि तबकडी मात्र कालच छापल्यासारखी तुकतुकीत आहे, तर एकजण खोटे बोलत आहे. काट्यांवरचा चमकरंग पांढरा आणि आकड्यांवरचा पिवळा, तर काटे मागाहून आले. तबकडीवरची अक्षरे भिंगातून पाहावीत. कारखान्याच्या छपाईची धार स्वच्छ असते, फेररंगवलेल्या तबकडीवरची अक्षरे जाड, डुगडुगती, कधी स्पेलिंगातही चुकलेली असतात. दुकानदाराला मागचे झाकण उघडायला सांगावे; मशीनवरचे नाव आणि तबकडीवरचे नाव यांचे नाते लागते का, हे पाहावे. स्वतःची मशीने न बनवता दुसऱ्यांची वापरणाऱ्या चांगल्या कंपन्याही पुष्कळ होत्या, म्हणून नुसते नाव निराळे दिसले की लगेच बिचकू नये. पण तबकडी मोठ्या घराण्याची आणि मशीन निनावी असेल तर सावध व्हावे. झाकण उघडायला जो नकार देतो, त्याच्याकडून घेऊ नये.

दुरुस्ती आणि रंगसफेदी यांतला फरकही ओळखावा. कमान तुटते, काच फुटते, पट्टा कुजतो, चावी गुळगुळीत होते. या झिजण्यासाठीच असलेल्या वस्तू आहेत आणि त्या बदलल्याने घड्याळाला बट्टा लागत नाही. यंत्र साफ करून तेल घालणे तर आवश्यकच. सुकलेल्या तेलावर चालवलेले घड्याळ स्वतःलाच खात असते. मात्र तबकडीला हात लावू देऊ नये आणि केसला झगझगीत पॉलिश करून देण्याचा आग्रह नम्रपणे नाकारावा. पॉलिश म्हणजे धातू खरवडणे. एकदा गेलेली धार परत येत नाही.

जगाच्या बाजारालाही हे पटले आहे. २०१७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला अमेरिकन नट पॉल न्यूमन याचे मनगटी घड्याळ १ कोटी ७७ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. ते सोन्याचे नव्हते, साध्या पोलादाचे होते. न्यूमनला मोटारशर्यतींचा नाद. त्याच्या पत्नीने घड्याळाच्या पाठीवर, गाडी जपून चालवण्याविषयी दोन-तीन शब्द कोरून घेतले होते. २००९ साली गांधीजींचे कमरेला लटकणारे झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला, वाटी आणि ताट न्यूयॉर्कच्या लिलावात आले, तेव्हा देशभर खळबळ उडाली आणि शेवटी एका भारतीय उद्योगपतीने त्या वस्तू १८ लाख डॉलरांना घेतल्या. ज्याने मिनिटांचाही जमाखर्च ठेवला, त्याच्या घड्याळाची किंमत धातूवर ठरत नसते.

अर्थात आपल्या घरातले घड्याळ लिलावात जाणार नाही, आणि जाऊही नये. पण न्यूमनच्या घड्याळाला जी गोष्ट मोल देऊन गेली ती आपल्यालाही फुकट मिळण्यासारखी आहे: ते कोणाचे, कोणी दिले, कधी दिले, ही माहिती. राजवाड्यांच्या हाती आलेल्या कागदावर निदान मायना आणि सही असे. घड्याळावर बहुधा काहीच नसते. अंगठ्याने उघडे पाडलेले पितळ ‘येथे कोणीतरी चाळीस वर्षे चावी दिली’ एवढेच सांगते. त्या कोणाचे नाव सांगू शकत नाही. ते नाव ज्यांना ठाऊक आहे अशी माणसे दर वर्षी थोडी थोडी कमी होत आहेत.

या दिवाळीत कपाटाची आवराआवर करताना तळच्या खणात, जुन्या पासबुकांखाली, बंद पडलेले एखादे घड्याळ सापडले तर ते भंगारवाल्याला देऊ नये आणि चकाकी आणायलाही पाठवू नये. फराळाची ताटे बाजूला सरली की घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात ते द्यावे आणि विचारावे, हे कोणाचे? जे उत्तर येईल ते कागदाच्या चिठोऱ्यावर तारखेसह लिहून त्याच डबीत ठेवावे. मग चांगला घड्याळजी शोधावा. तो झाकण उघडील, धूळ झटकील, तेलाचा थेंब सोडील आणि बंद करण्यापूर्वी आधीच्या खुणांच्या शेजारी आपली एक बारीक खूण करील. बखर तिथून पुढे सुरू होईल.